फुकटचा घोडा

सफोक, इंग्लंड

तीर्थरूप आई आणि आबा यांस,


पत्र सूनबाईंच्या हातचं आहे, पण त्यात ‘मी’ कुठे येणार नाही. फिर्याद स्वतःच्याच नवऱ्याविरुद्ध असली की बाईने जरा लांबून बोललेलं बरं.

तुमच्या चिरंजीवांनी घोडा घेतला. ‘फुकट मिळाला’ असं त्यांनी आबांना फोनवर सांगितलं, ते खरं आहे. शेजारचं कुटुंब गाव सोडून चाललं होतं, नातीला घोड्यावर बसायची हौस होती आणि न्यूमार्केट इथून जवळच. तिथे सकाळी शर्यतीचे घोडे रांगेने रस्ता ओलांडतात आणि मोटारी मुकाट थांबतात. कल्याण-भिवंडी रस्त्यावर कोनच्या नाक्याला कंटेनर चुकवत वाढलेल्या माणसाला ते बघून भुरळ पडली, यात त्यांचा तरी काय दोष?

इथे प्रत्येक घोड्याला कायद्याने पासपोर्ट लागतो. इंग्लंडात ऑक्टोबर २०२० पासून कातडीखाली चिपही सक्तीची झाली. सूनबाईंच्या पासपोर्टाच्या वेळी पोलीस चौकशी झाली होती. घोड्याच्या वर्तणुकीबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही.

मग नाल. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो. व्हिडिओ बघून आपणच ठोकू, असा चिरंजीवांचा बेत होता. पण १९७५च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाने नाल मारणं हा गुन्हा आहे, मग घोडा स्वतःचा का असेना. वर्षाला दात घासून घेणं, लसी, जंताचं औषध, विमा हे वेगळंच. आणि हे सगळं झाल्यावर घोडा जेवतो! पाचशे किलोच्या जनावराला दिवसाला दहा किलोच्या आसपास सुकं गवत लागतं. घरखर्चाच्या वहीत चिरंजीवांनी पहिला महिना हे ‘किरकोळ’ या सदरात दाखवलं. डॉक्टरचं बिल ‘मुलीचं शिक्षण’ या सदरात निघालं, तेव्हा सूनबाईंनी वही ताब्यात घेतली.

सर्वांत मोठी गंमत वसंतात झाली. इंग्लंडात हिरवं गवत फुकट, या हिशेबावर घोडा घरात आलेला. पण वसंतातल्या कोवळ्या गवतात साखर फार. ते भरपूर खाल्लं की अंगाने सुटलेल्या घोड्याचे खूर आतून सुजतात आणि त्याला पाऊल टाकवत नाही. त्यामुळे आता भर कुरणात त्याला मुसकं घातलंय, आपल्याकडे मळणीच्या बैलाला घालतात तसंच. खालच्या भोकातून गवताची दोन-चार पाती कशीबशी तोंडात जातात. घोडा मान वर करून चिरंजीवांकडे बघतो, चिरंजीव सूनबाईंकडे बघतात, आणि सूनबाई बिलाकडे.

आई, तुम्हाला हे काही नवं नाही. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्या पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. जवळजवळ अख्खी साडेसाती! तेवढा काळ आबांची जोडी दावणीला उभी होती, पण दूध, अंडी आणि भिजवलेले हरभरे एक दिवस चुकले नाहीत. तुमच्या पाटल्या त्याच काळात पतपेढीत गेल्या, असं चिरंजीवच सांगतात, तेही अभिमानाने. ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणे. रक्तात असेल, पण हप्ता खात्यातून जातो.

लग्नानंतर दोघं माथेरानला गेली होती, ते आठवत असेल. मोटारींना बंदी असल्याने तिथला घोडा पाठीवर पर्यटक घेतो आणि मालकाचं घर चालवतो. २०२०च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले, तेव्हा त्याच मालकांना चाऱ्याची भ्रांत पडली होती. घोडं इथंच पेंड खातं: मिळकत थांबली तरी त्याची भूक थांबत नाही. इथे तर मिळकत कधी सुरूच व्हायची नाही.

यंदा लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेल रद्द झालं. चिरंजीवांनी सूनबाईंना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट भेट दिले आणि दोघांनी मिळून लीद उपसली. घोडा रोज वीसएक किलो टाकतो. आठवडाभराचा अबोला तिथेच सुटला, कारण ढकलगाडीची दोन टोकं धरून अबोला टिकत नाही.

पैसे वाचवायला भाड्याचा तबेला सोडून गावाबाहेरचं एक शेत घेतलंय. निम्मा खर्च कमी झाला. बाकी सर्व क्षेम.

आपली आज्ञाधारक,
सूनबाई

ता. क. – शेतात आल्यापासून घोडा दिवसभर कुंपणाशी उभा राहून खिंकाळतो. डॉक्टर म्हणाले, हा कळपातला प्राणी, एकटा राहणार नाही, जोडीदार आणा. शनिवारी एक शेटलंड पोनी बघायला जायचं ठरलंय. लहान असतो, कमी खातो, असं सूनबाईंनी स्वतः चौकशी करून शोधून काढलंय. आबांना एवढ्यात सांगू नका.