कपाटातल्या आराखड्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा,
मु. लोखंडी कपाट, खालचा कप्पा.

विषय : ‘भूकंपाचा धोका – कमी’ ही नोंद.

महोदय,

दख्खनच्या पठारावर मोठे भूकंप क्वचित होतात. म्हणून आराखड्यात भूकंपाला दीड पान मिळते आणि त्यातले एक दूरध्वनी क्रमांकांनी भरते.

कोयना परिसर असाच निर्धास्त समजला जात होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे सुमारे १८० माणसे गेली, मग भूकंपप्रवण विभागांचा नकाशा बदलला. किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. २००२ मध्ये नकाशा पुन्हा बदलला. नकाशा कर्तव्यदक्ष आहे. फक्त प्रेते मोजून झाल्यावर कामाला लागतो.

त्या धक्क्यात लातूर-उस्मानाबादेत सुमारे दहा हजार माणसे मेली ती घरांखाली. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारा आरपार दगड नाही, वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाला उत्तम घर. हादऱ्याने भिंतीचे दोन्ही थर सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आले. चारच वर्षे आधी कॅलिफोर्नियात याहून मोठ्या, ६.९ तीव्रतेच्या भूकंपात ६३ माणसे दगावली होती. उपाय कोणत्याही गवंड्याला जमणारे आहेत : जोत्यावर, लिंटेलवर आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया, भिंतीत आरपार दगड. आराखड्यात शववाहिकांची संख्या आहे; पट्टा नाही. शहरात तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर चार-चार मजले. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशाच इमारती कोसळल्या. तरी परवान्याचा शिक्का बसतोच. सळई कुणी मोजत नाही, आणि हे अज्ञान नव्हे, निर्लज्जपणा आहे!

रंगीत तालीम मात्र होते. परवाच एका कार्यालयात भूकंप सकाळी अकराला येणार असल्याचे परिपत्रक आदल्या दिवशीच फिरले. कर्मचारी चहा आटोपून रांगेने उतरले, छायाचित्र निघाले. मागच्या जिन्याचे कुलूप तसेच राहिले.

आराखड्याचा तरी किती दोष? तो ज्या टेबलावर लिहिला जातो तिथेच पूर, वीज, उष्माघात आणि वर निवडणुकीचे काम येऊन पडते. एखादे बांधकाम थांबवण्याचा अधिकार त्या टेबलाला नसतो. किल्लारीसारखे काही घडले, तर पहिली नोटीस मात्र तिथेच येते.

सबब, पुढच्या आवृत्तीत दूरध्वनी क्रमांकांच्या पानाआधी पट्ट्याची आकृती छापावी आणि परवाना देणाऱ्याने ती उभ्या भिंतीशी ताडून मगच सही करावी, ही विनंती.

कळावे.