मोठा पडदा, बारीक अक्षर
औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी डेट किती बारीक छापायची, हे इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यांना सांगायला नको. तीच कला आता सर्व्हर-रूममध्येही शिरली आहे. मालक हौसेने फोर-के मॉनिटर आणतात. लिनक्सचा कन्सोल बहुतेकदा इमानाने आपला ८ बाय १६ पिक्सेलचा जुना फॉन्ट लावतो. म्हणजे एका ओळीत ४८० खसखशीचे दाणे, आणि अशा ओळी १३५.

मग उपाय सुरू. खुर्ची पुढे, चष्मा वर, आणि शेवटी हुकूम: ‘भिया, रिझोल्यूशनच कम कर दो.’ म्हणजे नवा पडदा जुन्यासारखा दिसावा म्हणूनच पैसे मोजले होते!

खरं तर डेबियन-उबुंटूच्या कन्सोल-सेटअपमध्ये टर्मिनस हा फॉन्ट, १६ बाय ३२ आकारात, निवडला की भागतं. पण एवढ्याचं बिल काय लावणार? शिवाय मशीन चालू होतानाच्या पहिल्या ओळी कधीकधी बारीकच राहतात. मग त्यांचा फॉन्ट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, वेगळा सांगावा लागतो.

हे सगळं जमलं की साहेबांची फर्माईश येते, ‘अब यही हिंदी में दिखाओ.’ कन्सोलच्या फॉन्टमध्ये जागा फार तर ५१२ चिन्हांची. जोडाक्षरं जुळवणं तर त्याच्या गावीही नाही.