पप्पांना पहिला नंबर

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं निवांत असतात आणि पप्पा जागरणं करतात. सहावीतल्या लेकराला ‘अंधांसाठी स्मार्ट काठी’ कशी चालते विचारा, ते पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणून टाकतं. मध्येच अडवून ‘बाबू, ही लाल वायर काढली तर काय होईल?’ म्हटलं, की बाबू गर्दीत पप्पांना शोधू लागतो. शेजारच्या टेबलावर पर्यावरण वाचवणारा बंगला उभा. सगळा थर्माकोलचा.

हे सगळीकडेच चालतं, पण जवाहरनगरात जरा जास्त खुपतं. ही वसाहतच मुळी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीची. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांना इथं तोटा नाही. कामावर मोजमाप केसभर हुकलेलं न चालणारी ही माणसं. घरचा प्रकल्प मात्र ऑनलाइन किटमधून येतो आणि कुणी न तपासता पास होतो.

निर्माणीत ‘करून तर बघू’ म्हणायची सोय नसते. 24 जानेवारी 2025 च्या तिथल्या स्फोटात माणसं गेली, ते या वसाहतीला कुणी सांगायला नको. मनसोक्त चुकायला जागा असलीच तर सातवीच्या वर्गात. तिथंही आपण चुकू देत नाही.

सरकारनं पैसे दिले नाहीत असंही नाही. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान आहे; सहावी ते बारावीच्या मुलांनी खोलावं, जोडावं, बिघडवावं म्हणून. 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी 50 हजार लॅब जाहीर झाल्या. पण वस्तू शाळेत आली की आधी डेडस्टॉक रजिस्टरात चढते, आणि ज्यांच्या सहीनं चढली ते गुरुजी तिचे रखवालदार होतात. पोराच्या हातून थ्रीडी प्रिंटर बिघडला तर वसुली कुणाकडून? त्यापेक्षा कुलूप बरं. मग प्रिंटर साहेबांच्या भेटीला तेवढा दर्शन देतो, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही; रजिस्टरात ‘शिकताना मोडलं’ असा रकानाच नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला, तो उलट्या हिशेबानं. तिथं मुलं वेल्डिंग, गवंडीकाम, वायरिंग हातानं करतात आणि ते गावाच्या उपयोगी पडतं. फाटकाची कडी लागली नाही तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. असा परीक्षक प्रदर्शनात कुठला?

आणि भंडाऱ्याला पाबळपर्यंत जायची तरी काय गरज? कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जिल्हाभर आहेत. पाळीला माती कुठली घालायची, पाणी सोडायचं तोंड किती उंचीवर ठेवायचं, पुराचं जास्तीचं पाणी कुठून काढायचं, हे सगळं त्यांनी डिग्रीवाचून जमवलं. सहावीच्या पोरांना शाळेमागं चार टोपली माती आणि दोन बादल्या पाणी द्या. म्हणावं, बांधा तलाव. पहिला फुटेल. दुसऱ्याच्या पाळीखालून पाझर लागेल. तिसऱ्या वेळी कुणीतरी चिकणमाती शोधत फिरेल, कुणी सांडव्यावरून भांडेल, आणि दोघांच्याही चड्ड्या चिखलात. खर्च जवळपास शून्य, म्हणून रजिस्टरात नोंद नाही. नोंद नाही म्हणून बहुधा बक्षीसही नाही.

पुढच्या प्रदर्शनाला एवढंच करावं. मॉडेल आलं की परीक्षकांनी पोराच्या हाती पेचकस द्यावा, सगळं खोलून पुन्हा जोडायला सांगावं. पालकांना फाटकाबाहेर थांबवावं. पास नसलेल्याला आत सोडत नाहीत, हे जवाहरनगरला नवं नाही. पप्पांचा उत्साह अगदीच अनावर असेल तर त्यांच्यासाठी वेगळा गट ठेवावा: वय पस्तीस ते पन्नास. खरी चुरस तिथंच होईल.