590 रुपयांचा कर्जबुडव्या

‘आयुष्यात मी कुणाचं एका पैशाचं देणं ठेवलं नाही,’ हे वाक्य मी आजवर किमान दोनशे लोकांना ऐकवलं असेल, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी ते जांभई दाबत ऐकलं असेल. फ्लॅट वडिलांनी घेऊन ठेवलेला, लग्न सासऱ्यांनी करून दिलेलं, स्कूटर मेहुण्याने वापरून झाल्यावर दिलेली. तेव्हा कर्ज न काढण्यात माझं कर्तृत्व ते काय, असं तुम्ही विचारू नका. बायको विचारते, तेवढं पुरे आहे.

तर गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या काकूंच्या छतात उतरलं, तिथे आधी श्रीलंकेएवढा डाग पडला, मग त्याचा भारत झाला, आणि काकू रोज सकाळी जिन्यात मला गाठून ‘आज ईशान्येकडे सरकलंय हो’ असं सांगू लागल्या, तेव्हा तीन लाखांचं कर्ज काढायला मी बँकेत गेलो. छाती पुढे काढून. माझ्यासारखा निष्कलंक माणूस दारात आला म्हणून मॅनेजर उठून उभा राहील, अशी माझी समजूत होती. समोरच्या पोराने संगणकात बघितलं, भुवया वर केल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“काका, तुमचा सिबिल मायनस वन येतोय.”

दहावीला गणितात मला 38 पडले होते, पण ते निदान शून्याच्या वर होते. तोवर सिबिल हे काहीतरी सरकारी खातं असावं, सीबीआयच्या भाऊबंदांपैकी, असं मला वाटायचं. त्या पोराने समजावलं की ती कंपनी आहे, अशा आपल्याकडे चार आहेत, आपण कुठे किती उधार घेतलं आणि कधी फेडलं याची त्या वही ठेवतात, आणि 300 ते 900 मधला आकडा देतात. 750 च्या वर असला की बँका चहा विचारतात. मायनस वन म्हणजे वहीत आपलं नावच नाही. कधी घेतलंच नाही, तर परत करता की नाही हे कळणार कसं? म्हणजे मुलाला दारूचं व्यसन नाही म्हणून सांगावं, आणि मुलीच्या बापाने ‘मग सोडायचा अनुभव काय?’ असं विचारावं, तसलं हे. आणि तीन कर्जं डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या आमच्या साडूचा स्कोअर 790!

“एक क्रेडिट कार्ड घ्या, थोडं वापरा, वेळेवर भरा. हिस्टरी तयार होईल,” पोरगा म्हणाला.

कार्ड आलं. मर्यादा 40,000. त्याने ‘थोडं’ म्हटलं होतं, म्हणून मी एकच वस्तू घेतली. वॉशिंग मशीन, 28,000 रुपयांचं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं, म्हणजे माझ्या बाबतीत 12,000, हे मला नंतर कळलं. मी पहिल्या झटक्यात सत्तरवर पोचलो होतो. पुढे बिल आलं, त्यात एकूण रक्कम बारीक अक्षरांत आणि ‘किमान देय 1,400’ ठळक. माझे डोळे पाणावले. बँकांना लोक उगाच नावं ठेवतात, इथे तर मध्यमवर्गीय माणसाची ओढाताण ओळखून त्यांनी आपणहून चौदाशेवर भागवलं होतं! ते मी चार दिवस आधीच भरले, आणि बायकोला म्हटलं, शिस्त म्हणतात ती ही.

पुढच्या महिन्याच्या बिलावर येणं होतं 27,944.

मी तीनदा चष्मा पुसला. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज, तेही बिलाच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. चौदाशे भरून माझं कर्ज फिटलं होतं 56 रुपयांनी. एवढ्यात दोन वडापाव आणि एक कटिंग येतो. हे मी विषण्णपणे सांगत असताना बायकोने शांतपणे विचारलं, “अहो, तुमची त्याच बँकेत पन्नास हजारांची ठेव आहे ना? तिला व्याज किती?” सात टक्के, मी म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. भाकरी जरा जोरात थापली.

ठेव मोडली, कार्ड कोरं केलं, आणि दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने ओट्यावर त्या कार्डाचे आठ तुकडे केले. चिपेचे वेगळे दोन. त्या दिवशी ऋणमुक्तीचा शिरा झाला. कार्ड कापल्याने खातं बंद होत नाही, बँकेला तसं कळवावं लागतं, हे त्या शिऱ्यात कुणीच घातलं नाही. यथावकाश वार्षिक शुल्क लागलं, 500 आणि वर 90 जीएसटी. मेसेज येत होते, पण बँकेच्या नावाने आलेले मेसेज उघडायचे नाहीत असं साडूने बजावलेलं. पुढे एका मुलीचे फोन येऊ लागले, तर सायबर गुन्ह्यांबाबत जागरूक नागरिक म्हणून मी तिला “तुमच्यासारख्यांना मी चांगला ओळखून आहे” असं सुनावून फोन आपटत राहिलो. सहा महिने.

पुन्हा बँकेत गेलो तेव्हा तोच पोरगा, तीच स्क्रीन. रिपोर्टात महिन्यामहिन्याच्या चौकटी, किती दिवस थकले ते लिहिलेल्या. 30, 60, 90... नव्वद ओलांडले की एनपीए. हा शब्द मी पेपरात बड्या उद्योगपतींच्या फोटोखाली वाचत आलो होतो. ते विमान पकडून परदेशी गेले. मी रिक्षा पकडून घरी आलो.

शुल्क, दंड, व्याज मिळून 3,140 झाले होते. बँकेच्या वसुलीवाल्याने सुचवलं, दीड हजार भरा, सेटल करून टाकू. मी खिशात हात घातलासुद्धा होता. बायको म्हणाली, “वाण्याला अर्धी उधारी देऊन मिटलं म्हणालात, तर उद्या तो डाळ देईल?” रिपोर्टात ‘सेटल्ड’चा अर्थ नेमका हाच होतो, हे ती न वाचता कशी जाणते, कोण जाणे. सगळे भरले, खातं रीतसर बंद केलं, येणं बाकी नसल्याचं पत्र घेतलं. ते पत्र रेशनकार्डाच्या फायलीत आहे.

बाथरूमचं? ते भिशीतून झालं. बायकोच्या भिशीत बारा जणी, बारा वर्षांत एकीचाही हप्ता चुकलेला नाही, आणि या खेपेला खालच्या काकूंनी आपला नंबर आपणहून हिला दिला. कागद नाही, सही नाही, आकडा नाही. कामाच्या दिवशी काकूंनी गवंड्याला चहाही पाठवला. मला नाही.

आता नवीन कार्ड आहे. त्यावर लाइटबिल आणि पेट्रोल एवढंच, आणि पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप कापली जाते, कारण त्यात माझा हात लागत नाही. दर जानेवारीत फुकटचा रिपोर्ट मागवून वाचतो. आपला आपण बघितल्याने स्कोअर घसरत नाही. सध्या 728 आहे. हे तुम्हाला म्हणून सांगितलं, साडूच्या कानावर जाऊ देऊ नका. त्याला गाडी घ्यायची आहे आणि तो जामीनदार शोधतोय.