कचेरी जवळ येत आहे

प्रवासाची हौस आहे परंतु गाठीस द्रव्य नाही, अशा गृहस्थाने भंडारा जिल्ह्यात जन्म घ्यावा, हे उत्तम. वैनगंगेच्या खोऱ्यात आपल्या धानाच्या बांधीत रोवणी करीत राहिलेल्या येथील कुळाला नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातून १८५३ साली कंपनी सरकारच्या अंमलात, १८६१ साली मध्य प्रांतात, १९५० साली मध्य प्रदेशात, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात, असा सारा प्रवास पदरची कवडी न खर्चता घडला, आणि एवढ्या स्थलांतरात त्याच्या पायाखालचा चिखल तसूभरही हलला नाही. जिल्ह्याचा कारभार १८२०-२१ पर्यंत ज्या लांजीहून चालत असे, ती लांजी तर आज बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे परराज्यात आहे. तो जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून सिद्ध करण्यात आला.

विभाजनाचे समर्थन मात्र सर्व राजवटींत एकच असते, की कचेरी रयतेच्या दारी यावी. त्या न्यायाने १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अलग झाला, भंडाऱ्याकडे आज सात तालुके आहेत, आणि देवरी-सालेकशाच्या माणसाचा भंडाऱ्याचा हेलपाटा वाचला, हे कोणीही प्रामाणिकपणे मान्य करील. त्याचा कलेक्टर गोंदियात आला. पण पुढे मतदारसंघांच्या फेररचनेत त्याचा खासदार गडचिरोली-चिमूरचा झाला, आणि भंडाऱ्याशी फारकत घेतलेला उर्वरित गोंदिया जिल्हा लोकसभेपुरता अद्याप भंडाऱ्याच्याच घरी नांदतो. वाटणी होऊनही चूल एक राहावी, हा व्यवहार हिंदू एकत्र कुटुंबाला नवा नाही.

परंतु भूमीची वाटणी ही या शास्त्राची केवळ धुळाक्षरे होत. त्याचा परिपाक पाहावयाचा असेल तर एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर उभे राहावे. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले यांतील कित्येक जलाशय मालगुजारांच्या ताब्यात होते; १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव ‘माजी मालगुजारी’ होऊन सरकारजमा झाले. मालगुजार हा काही संत नव्हता, वेठबिगारीशिवाय त्याची पाळ क्वचितच दुरुस्त झाली असेल. पण ती फुटली असता कोणाच्या वाड्यावर जाऊन बोंब मारायची, याविषयी गावात मतभेद नसे. आता लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासळीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे, बुडीत क्षेत्रातील अतिक्रमण महसुलाकडे, आणि गाळ ज्या वर्षी जी योजना असेल तिच्याकडे. इंग्रजांना सबंध प्रांताचे जेवढे तुकडे करण्यास शंभर वर्षे लागली, तेवढे आपण एका तलावाचे केले, आणि तेही पाण्यावर रेघ न ओढता!

समजा, भाद्रपदाच्या झडीत साकोलीकडील अशा एका तलावाची पाळ खचली आणि खालच्या बांध्यांतील धान आडवे झाले. शेतकरी अर्ज घेऊन निघतो. जिल्हा परिषदेचे म्हणणे असे, की दोष बुडितातील अतिक्रमणाचा असल्याने तहसीलदारांस विचारावे. तहसीलदारांचे म्हणणे असे, की पंचनाम्यावाचून काही बोलता येत नाही. पंचनामा करणाऱ्या तलाठ्याकडे शेजारच्या साझ्याचाही कार्यभार असतो, आणि तो ज्या दिवशी या साझ्यात असतो तो दिवस त्या साझ्यातील लोकच सांगू शकतात. अखेर शेतकरी एसटीने भंडाऱ्यास जातो, तेथे त्याला प्रकरण तालुक्यास वर्ग झाल्याचे कळते, आणि तो साकोलीस परततो.

हा त्रास ध्यानी घेऊनच की काय, साकोलीचा स्वतंत्र जिल्हा करावा अशी मागणी अधूनमधून होत असते. ती अवश्य मान्य व्हावी. म्हणजे हीच उत्तरे त्याला एसटीचे भाडे न भरता मिळतील.