कलर तेवढेच, बाकी ब्लॅक

मिक्सवाला हा झेरॉक्सच्या दुकानात आढळणारा गिऱ्हाइकाचा एक प्रकार आहे. सगळी पाने रंगीत छापणे त्याच्या खिशाला परवडत नाही आणि सगळी काळी छापलेली त्याच्या प्रोजेक्टच्या गाइडला चालत नाहीत. म्हणून तो काही पाने कलर आणि बाकीची ब्लॅक मागतो. कॉलेज, तहसील आणि झेरॉक्सचे दुकान हाकेच्या अंतरावर असले की तो हमखास दिसतो. कामठीत त्याची पैदास विशेष आहे. 1821 साली कन्हानच्या काठी इंग्रजांनी छावणी टाकली आणि तिच्याभोवती हे गाव वाढले. आज इथे पोरवाल कॉलेज आहे, फार्मसीचे कॉलेज आहे, तहसील कार्यालय आहे आणि गार्ड्स रेजिमेंटचे केंद्रही आहे. यांतल्या कोणाचेच काम तोंडी भागत नाही.

मिक्सवाला ओळखायला सोपा असतो. पाठीवर सॅक, मुठीत पेन ड्राइव्ह आणि एक घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘5, 9, 14, 22, 23 कलर’ असे आकडे असतात आणि शेवटच्या आकड्यावर खाडाखोड असते. दुकानात शिरताच तो गर्दीच्या डोक्यावरून आवाज देतो, “भाऊ, मिक्स आहे!” हे ऐकल्यावर रांगेतली जाणती माणसे घड्याळ पाहतात आणि शेजारच्या चहाच्या टपरीकडे वळतात.

त्याच्या वागण्याचे मूळ हिशेबात आहे. काळ्या पानाला दोन रुपये आणि रंगीत पानाला दहा, असा दर धरू. प्रोजेक्ट 84 पानांचा असेल, तर सगळा रंगीत छापल्यास 840 रुपये होतात. त्यातली 9 पानेच रंगीत घेतली, तर खर्च 240 वर येतो. एका प्रतीमागे 600 रुपये वाचतात. गाइड, कॉलेज, बाहेरचे परीक्षक आणि घर अशा चार प्रतींमागे 2400. इतका पैसा वाचणार असेल, तर दुकानदाराचा अर्धा तास खर्च करायला मिक्सवाला कचरत नाही.

पहिली अडचण पानांच्या आकड्यांची. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, घोषणापत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका यांत सहा पाने जातात आणि छापील पान 1 त्यानंतर सुरू होते. यंत्र मात्र फाइलीच्या पहिल्या पानापासून मोजते. त्यामुळे मिक्सवाल्याचे 23 हे यंत्राचे 29 असते.

“तेवीस नंबर कलर मारा.”

“कोणता तेवीस? फाइलीतला का कागदावरचा?”

“तेवीस म्हणजे तेवीसच ना भाऊ!”

दहा रुपयांचे पान बाहेर येते. त्यावर रंगाचा ठिपकाही नसतो, निव्वळ मजकूर असतो. ज्या पाय चार्टसाठी एवढे चालले होते, तो तिकडे काळ्या यंत्रातून राखाडी होऊन निघालेला असतो. त्यातले केशरी आणि हिरवे भाग सारखेच दिसतात आणि खाली ‘केशरी म्हणजे पुरुष, हिरवा म्हणजे स्त्रिया’ असा खुलासा असतो.

दुसरी अडचण न दिसणाऱ्या रंगाची. पुष्कळ रंगीत यंत्रांत दोन मीटर असतात, एक काळ्या पानांचा आणि एक रंगीत पानांचा. ‘ऑटो’वर टाकले की यंत्र प्रत्येक पान तपासते आणि कुठेही रंग सापडला की ते पान रंगीत धरते. संदर्भसूचीत वेबसाइटचा पत्ता निळ्या अक्षरांत राहून गेला, तरी पूर्ण पान रंगीत. कॉलेजवरच्या प्रेमापोटी प्रत्येक पानाच्या डोक्यावर बोधचिन्ह टाकणारे तर सगळी 84 पाने रंगीत करून बसतात. नखाएवढ्या चित्रासाठी पानामागे आठ रुपये जादा पडलेले पाहून मिक्सवाल्याचे कॉलेजवरचे प्रेम जागच्या जागी आटते.

तिसरी अडचण पाठपोट छपाईची. पान 9 रंगीत आणि त्याच्या पाठीवरचे 10 काळे असेल, तर एकच कागद दोन यंत्रांतून जातो. लेझर यंत्र टोनरची पूड उष्णतेने कागदावर पक्की करते, तर शाईच्या यंत्रातून निघालेला कागद ओलसर असतो. म्हणून काळे यंत्र लेझरचे आणि रंगीत शाईचे असेल, तर जाणता दुकानदार काळी बाजू आधी काढतो आणि रंगीत नंतर. मिक्सवाला घाईत कागद स्वतःच फिरवून देतो. तो उलटा जातो आणि निष्कर्षाच्या परिच्छेदावर ग्राफ डोक्यावर उभा राहतो.

यानंतर जुळणी येते. उन्हाळी सत्राचे सबमिशन एप्रिल-मेमध्ये असते आणि तेव्हा कामठीत कूलरशिवाय दुकान चालत नाही. काउंटरवर डावीकडे काळ्या पानांचा गठ्ठा आणि उजवीकडे रंगीत पाने. मिक्सवाला जिभेने बोट ओले करून एकेक पान आपल्या जागी सरकवत असतो. बाविसावर पोचतो न पोचतो तोच कोणी तरी कूलरचे तोंड इकडे फिरवतो. मग तो, दुकानातला पोऱ्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले एक काका, असे तिघे जमिनीवरची पाने गोळा करतात. काकांना सापडलेले पान हटकून ऋणनिर्देशाचे असते.

मिक्सवाल्याच्या पोटजाती आहेत. लग्नाच्या बायोडाटावाल्याला फोटोचे पान कलर हवे असते आणि मामांच्या नोकऱ्यांचे ब्लॅक चालते. निवृत्त फौजीला शिक्क्याचे पान असे हवे असते की शिक्का नुकताच मारल्यासारखा दिसला पाहिजे. तो घाई करत नाही, पण प्रत्येक पान उजेडात धरून पाहतो. कार्यक्रमाची पुस्तिका काढणारा कार्यकर्ता सगळ्यांत शहाणा. तो कव्हर रंगीत आणि आतले सगळे काळे ठेवतो, त्यामुळे कुठले पान कुठे हा प्रश्नच येत नाही.

मिक्सची ही युक्ती जुनी आहे. पुस्तकांत रंगीत चित्रे गुळगुळीत कागदावर वेगळी छापून मजकुराच्या पानांमध्ये बसवण्याची पद्धत छापखान्यांनी फार पूर्वी रूढ केली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशातही काळ्या मजकुराच्या मध्ये चित्रपत्रे येतात आणि नोंदीत त्यांचा हवाला दिलेला असतो. म्हणजे मिक्सवाल्याला पूर्वज थोर लाभले. फरक एवढाच, की कुठले पान कुठे जाणार हे ते छापण्याआधी ठरवत आणि हा ते काउंटरवर ठरवतो.

दुकानदाराचा स्वभाव या गिऱ्हाइकामुळे घडतो. सुरुवातीच्या वर्षांत तो समजावतो, पुढे वैतागतो आणि शेवटी एकाच वाक्यावर येतो, “सगळेच कलर मारू का?” वाक्य साधे असले तरी त्याचा परिणाम जबर असतो. मिक्सवाला चिठ्ठी पुन्हा उघडतो, दोन आकडे खोडतो आणि रंगीत पाने नवावरून सातावर येतात.

मिक्सवाला काटकसरी असतो, यात शंका नाही. पण 600 रुपये वाचवताना चुकलेली पाने, पुन्हा काढलेली पाने आणि दरम्यान प्यालेला चहा तो कधी हिशेबात धरत नाही. ज्याला खरोखर वाचवायचे आहे, त्याने घरीच रंगीत पानांची एक पीडीएफ आणि काळ्या पानांची दुसरी करावी, वरचे बोधचिन्ह काळे करावे, निळे पत्ते काळे करावेत आणि चिठ्ठीवर फाइलीतले आकडे लिहावेत. आणि पाने जुळवायला घेण्याआधी कूलर बंद करायला सांगावे.