पालकांची सहावी इयत्ता

जून महिन्यात, पावसाच्या आगेमागे, शहरातील पालकांच्या हाती शाळेकडून जो खलिता पडतो, त्यात मातापित्यांनी जोडीने परिचयसभेस हजर राहावे असे फर्मान असते, आणि सहावी ते आठवी या वर्गांची अध्यापनपद्धती व शाळेच्या अपेक्षा तेथे विशद केल्या जातील असे आश्वासनही असते. अध्यापनपद्धती ही शिक्षकांनी अंगीकारावयाची गोष्ट असताना ती पालकांस समजावून देण्याचे प्रयोजन काय, अशी शंका एखाद्या भाबड्या गृहस्थास येणे शक्य आहे. परंतु सभागृहात पंखा सुरू होऊन पडद्यावर पहिले चित्र उमटते न उमटते तोच तिचे निरसन होते, कारण ती पद्धती कोणाच्या हातून अमलात यावयाची आहे याविषयी शाळेने यत्किंचितही संदिग्धता ठेवलेली नसते.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 13 व्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलास किंवा त्याच्या आईबापांस चाळणी लावण्यास मनाई केली असून, पहिल्या खेपेस 25,000 आणि पुढील प्रत्येक खेपेस 50,000 रुपयांपर्यंत दंड मुक्रर केला आहे. आमच्या शाळांच्या ठायी कायद्याविषयी नितांत आदर वसत असल्यामुळे त्यांनी ही चाळणी प्रवेश पार पडल्यानंतर लावण्याचा शिरस्ता पाडला आहे.

सभेचा प्रारंभ बहुधा तत्त्वज्ञानाने होतो. आमच्या येथे शिकवले जात नाही, असे मुख्याध्यापिकाबाई सांगतात, आणि वार्षिक शुल्काची पावती खिशात असलेल्या श्रोत्यांच्या छातीत क्षणभर धस्स होते. मग खुलासा होतो की 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञान हे देण्याघेण्याचे द्रव्य राहिलेले नसून मूल ते आपल्या अनुभवांतून स्वतः रचते, आणि शिक्षक हा केवळ सुलभक असतो. विचार थोर आहे, आणि आम्हांस तो मनापासून मान्यही आहे. शंका एवढीच, की मुलाने ज्ञान रचावयाचे आणि शिक्षकाने ते सुलभ करावयाचे अशी वाटणी झाल्यावर, अपूर्णांकांचा भागाकार ज्याला अद्याप रचता आलेला नाही अशा मुलापाशी रात्री साडेनऊला जो बसतो, त्याचे या व्यवस्थेतील पदनाम काय? त्याच कायद्याचे 28 वे कलम शिक्षकांस खाजगी शिकवण्या करू देत नाही. पालकांच्या शिकवण्यांवर मात्र कोणतेही निर्बंध नाहीत.

परंतु सभेचा खरा गाभा म्हणजे प्रकल्प. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला आकार दिला, तेव्हा हे कष्ट मुलांनीच करावयाचे आहेत अशी त्या मंडळींची काहीशी बाळबोध समजूत होती. मुलांच्या श्रमातून जे उत्पन्न होईल त्यातून शिक्षकांच्या वेतनाची तजवीज व्हावी, या मुद्द्यावर तर त्या काळी बराच वाद माजला होता. आजच्या शाळांनी तो वाद कसा मिटवला पाहा: श्रमही पालकांचे आणि वेतनही पालकांच्याच खिशातून, त्यामुळे मुलांचे शोषण होते असे म्हणण्यास जागाच उरलेली नाही. 'टाकाऊतून टिकाऊ' या मथळ्याखाली जी वस्तू सोमवारी सकाळी सादर व्हावयाची असते, तिचे फर्मान पालकांच्या मोबाइलवरील गटावर शुक्रवारी सायंकाळी सुटते, आणि रविवारी दुपारी स्टेशनरीच्या दुकानांत कोरा पुठ्ठा, जिलेटिन आणि चकाकती टिकली यांसाठी जी झुंबड उडते, ती पाहिल्यावर टाकाऊ म्हणजे नेमके काय, हे मुलांपेक्षा बापांस अधिक लवकर कळते. शासनाने 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणल्यापासून डोंगर तासण्याचे काम अधिकच बिकट झाले आहे. विज्ञानाच्या प्रकल्पातील ज्वालामुखी हा सोडा आणि व्हिनेगर यांच्या संयोगाने वर्गात उसळावयाचा असतो. आदल्या रात्री अकराच्या सुमारास त्याचा एक उद्रेक घरोघरी होतो, त्यात मात्र कोणतेही रसायन लागत नाही. त्या समयी प्रकल्पकर्ता विद्यार्थी शेजारच्या खोलीत गाढ झोपलेला असतो, आणि त्याला जागे करू नये असे उभयतांचे एवढ्या एकाच बाबतीत एकमत असते.

अपेक्षांची यादी यानंतर येते. ती आम्ही संपूर्ण देत नाही, कारण चहा निवतो. मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये, असे त्यात ठळक अक्षरांत असते. गृहपाठ मोबाइलवरच येईल, असे दोन ओळी खाली असते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, हा दंडक शाळा कसोशीने पाळतात, आणि जे दप्तरात मावत नाही ते गटावर पाठवतात. कायद्याच्या 17 व्या कलमान्वये मुलास शारीरिक शिक्षा अथवा मानसिक जाच करता येत नाही. पालकांविषयी हे कलम मौन पाळते, आणि डब्यात पोळीभाजीऐवजी नूडल्स दिल्याबद्दल ज्या मातोश्रींचे नाव न घेता सर्वांच्या माना त्यांच्याकडे वळतील अशा बेताने उल्लेख होतो, त्यांना त्या मौनाचा अर्थ तत्काळ उमगतो.

मूल्यमापनाचा विषय निघताच मात्र डुलक्या घेणारे पितरही सावरून बसतात. आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन, वर्णनात्मक नोंदी हे शब्द टिपण्यासाठी वह्या उघडल्या जातात. 'उपक्रमांत उत्साहाने सहभाग घेतो, मात्र टापटिपीकडे लक्ष द्यावे' अशी नोंद गतवर्षी ज्यांच्या पाल्याच्या प्रगतिपुस्तकात आली होती, ते एक बँकेतील अधिकारी अजूनही दुखावलेले दिसले. पुठ्ठ्यावरचा डिंक आपण स्वतः पुसला होता, अशी त्यांची कैफियत होती. शिक्षणहक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीमुळे पाचवी व आठवीस पुन्हा नापास होता येते, आणि तसे झाल्यास दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा देता येते, ही माहिती पर्यवेक्षिकाबाईंनी अखेरीस दिली तेव्हा दुसऱ्या रांगेतील एका बाईंनी हात वर करून, ही फेरपरीक्षा नेमकी कोणत्या आठवड्यात येईल, कारण कचेरीत रजेचा अर्ज आगाऊ टाकावा लागतो, अशी पृच्छा केली. प्रश्न अत्यंत उचित असल्याचे सांगून बाईंनी तो इतिवृत्तात नोंदवून घेतला, आणि सभा चहापानासाठी तहकूब झाली.